मृगाआधी प्रत्येक कुंडीचं भोक बघा

रोहिणी संपत आली. 7-8 जूनला मृग लागेल. मुंबई-ठाण्याकडे मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या आसपास येतो, पण गच्चीवरच्या कुंड्या काठोकाठ भरायला वळवाची एक रात्र पुरते. म्हणून बाकी कामं उद्यावर टाका. आज प्रत्येक कुंडी आडवी करा आणि तळाचं भोक मोकळं आहे का ते बघा.

जुलै उजाडला की ओळखीपाळखीचे लोक पिवळी पानं घेऊन येतात. कढीपत्ता पिवळा पडलाय, मोगऱ्यानं मान टाकलीय, कोणतं खत घालू? मी भोकाचं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

मीही याच चुकीनं सहा वर्षांचा कागदी लिंबू घालवला. वरणावर पिळायला आपल्याच झाडाचं लिंबू असावं, ही माझी फार जुनी हौस. पहिला चांगला बहर धरला होता. माती ओली असूनही पानं मिटायला लागली, तेव्हा तहान लागली असेल म्हणून मी वर आणखी तांब्याभर पाणी ओतलं. दुकानातून महागडं टॉनिक आणलं, तेही घातलं. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा गटारासारखा वास आला. एक मुळी चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. भोकात झाडाचीच मुळं आणि गाळ बसून घट्ट बूच झालं होतं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी साचलं की हवा संपते. फायटोफ्थोरा, पिथियम यांसारख्या मूळकूज करणाऱ्या रोगजंतूंचे बीजाणू तर पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड सुकतं. तिथे वरून पाणी, युरिया किंवा टॉनिक घालणं म्हणजे त्याला लवकर मारणं.

भोकातून खालून जाड सळई किंवा स्क्रूड्रायव्हर घाला आणि हळूहळू फिरवा. मग वरून तांब्याभर पाणी ओता. ते वर डबकं करून उभं राहता कामा नये, मिनिटभरात खालून धार लागली पाहिजे. नाही लागली तर झाड काढून माती बदला. भोकावर खापरी पालथी ठेवली की पुरे. तळाला खडीचा जाड थर घालू नका. पाणी खडीत सहज उतरत नाही, तिच्या वरच्या मातीतच अडून राहतं आणि मुळांना जागाही कमी पडते. कुंडीखालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा. कुंडी दोन विटांवर चढवा. फरशीला टेकलेलं भोक पुन्हा बुजतंच.

मातीच्या कुंडीला मी बोटानं टिचकी मारते. बद्द आवाज आला तर त्या दिवशी पाणी नाही. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, पण माझा अंदाज सहसा चुकत नाही.

औषधांचं थोडक्यात:
- ट्रायकोडर्मा (मूळकुजीला अडवणारी मित्रबुरशी): 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, आळवणी, म्हणजे बुंध्याशी मातीत ओतणे. कढीपत्ता आणि भाज्यांना एवढंच.
- मूळकूज दिसली तर (मोगरा, जास्वंद, लिंबू): कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) 3 ग्रॅम प्रति लिटर, आळवणी. त्यानंतर पंधरा दिवस ट्रायकोडर्मा नको.
- लिंबाच्या खोडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येऊ नये म्हणून बोर्डो पेस्ट: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको.
- जास्वंदीवर पिठ्या ढेकूण: 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे कुटलेली निंबोळी 50 ग्रॅम, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेली. उघडीप बघूनच फवारा.

दुकानदार ‘पावसाळी किट’ पुढे करील, ह्यूमिक, ग्रोथ प्रमोटर, चकचकीत बाटल्या. घेऊ नका. तेवढ्या पैशात शेणखताचं पोतं आणि नवी कुंडी येते, आणि बुजलेलं भोक कुठल्याही बाटलीनं उघडत नाही.

इतर कामं:
- तण काढणे, वाळक्या फांद्या छाटणे
- वेलांना मांडव बांधणे
- भेंडी, दोडका, कारलं लावणे
- गच्चीची पन्हळ साफ करणे

कधीतरी जमिनीचा तुकडा मिळावा, त्यात सोनचाफा लावावा, हे मनात आहेच. तोवर लिंबाचं नवं कलम मोठ्या ड्रमात लावलंय, कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवून. काल ड्रमला खालून सळई घातली, पाणी ओतलं आणि धार विटांवर पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.