एका नावाचे दोन हॅवलॉक: चरित्रटिपण लिहिताना

हॅवलॉकवर पहिलं टिपण लिहिलं तेव्हा मी त्याला चाळीस वर्षं आधीच मारून टाकलं. १८५७च्या उठावात कानपूरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारा इंग्रज अधिकारी हेन्री हॅवलॉक त्याच वर्षी लखनौला वारला, असं छापून आलं. आठवड्यात एका वाचकाचं पोस्टकार्ड: "ताई, मग १८७४ साली इंग्लंडातल्या संडरलंडमधून पार्लमेंटवर निवडून आलं कोण?"

वारला होता तो बाप. मुलाचंही नाव हेन्रीच.

तेव्हापासून बापलेकांचं नाव एक असलं की मी कोऱ्या कागदावर आधी उभी रेघ मारते. डावीकडे बाप: २४ नोव्हेंबर १८५७, लखनौ, हगवणीने मृत्यू. अंदमानचं हॅवलॉक बेट, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तेही त्याच्याच नावाचं. उजवीकडे लेक: जन्म १८३०, बंगालमधलं चिनसुरा. सापडेल ती नोंद रेघेच्या एका बाजूला गेलीच पाहिजे. कळत नसेल तर ती लिहायचीच नाही.

मग लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, उघडा, इंटरनेटवर फुकट आहे. १५ जानेवारी १८५८च्या अंकातला मजकूर घाई न करता वाचा. ६४वी पलटण तोफांच्या माऱ्याखाली आडवी पडलेली, समोर नानासाहेबांच्या फौजेची चोवीस पौंडी तोफ. लेफ्टनंट हॅवलॉक घोडा पावलापावलाने चालवत थेट तिच्या तोंडावर जातो. पलटणीचा मेजर स्टर्लिंगही पुढेच आहे, पण पायी. वाचताना अंगावर काटा येतो, आणि नेमकं तिथंच थांबायचं. हे सांगतंय कोण? सेनापती, म्हणजे बाप! मुलगा त्याचाच एडीसी, म्हणजे हाताखालचा मदतनीस अधिकारी, आणि मजकूर त्याच्याच तारेतला. आम्हाला पुढे न्यायला बाहेरचा अधिकारी लागला असा याचा अर्थ होतो, म्हणून ६४व्या पलटणीचे अधिकारी भडकले. शौर्य खोटं ठरत नाही त्यानं, पण टिपणात दोन्ही बाजू यायला हव्यात.

राजकारणासाठी हॅन्सार्ड, म्हणजे पार्लमेंटची भाषणं. इथं नाव पुन्हा दगा देतं. १८८० साली वारशापायी त्यानं आडनावाला 'ॲलन' जोडलं, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. १८८१ला ब्रिगेडच्या नेमणुकीसाठी खासदारकी सोडली, १८८५ला आग्नेय डरहॅममधून परत आला. आयर्लंडच्या होमरूलला, म्हणजे स्वराज्याला, विरोध म्हणून लिबरल पक्षातून फुटलेल्या लिबरल युनियनिस्टांत गेला, १८९२ला पडला, १८९५ला पुन्हा जिंकला. एवढं दोन ओळींत उरका.

शेवट मात्र नीट लिहा. ३० डिसेंबर १८९७, खैबर खिंड. सदुसष्ट वर्षांचा हा खासदार सरहद्दीवरचं युद्ध बघायला गेला, सोबतच्या तुकडीपासून एकटा पुढे सरकला आणि आफ्रिदींच्या हातून मारला गेला. ही तारीख मांडताना पेन कागदाच्या कुठल्या बाजूला आहे, हे मी आजही दोनदा बघते.