सोन्याची रंगीत नाणी जमवताना

रंगीत नाणे, म्हणजे ज्यावरच्या चित्रात शाईने रंग भरलेला असतो असे नाणे, घेताना सोन्याचा आणि रंगाचा हिशेब वेगवेगळा मांडावा. ऑस्ट्रेलियातील पर्थ मिंट ही टांकसाळ 1996 पासून चिनी पंचांगातील प्राण्यांची ‘ल्युनर’ मालिका काढते. तिचे दुसरे पर्व 2008 मध्ये आणि तिसरे 2020 मध्ये सुरू झाले. यातील 2012 चा ड्रॅगन साध्या आणि रंगीत अशा दोन्ही रूपांत निघाला. एक औंसाच्या नाण्यावर 100 ऑस्ट्रेलियन डॉलर छापलेले असतात, मात्र भावाशी त्यांचा संबंध नसतो. हा ट्रॉय औंस असून तो 31.10 ग्रॅमचा, म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून थोडा अधिक भरतो. विक्रेत्याने किंमत सांगितली की त्या दिवसाच्या भावाने तेवढ्या चोख सोन्याचे किती होतात ते आधी काढावे. वरची रक्कम घडणावळ, चित्र आणि दुर्मिळतेची असते. सराफाकडे मोडीत दिल्यास तो टंच (सोन्याची शुद्धता) आणि वजन पाहील, चित्राचे काही देणार नाही; ते पैसे सुटलेच तर दुसऱ्या संग्राहकाकडूनच सुटतील.

खरी फसगत होते ती रंग कोणी चढवला या प्रश्नावर. अमेरिकन ईगल, मेपल लीफ किंवा क्रुगरँडसारखी साधी नाणी घेऊन खासगी व्यापारी त्यांच्यावर रंग छापतात आणि ती ‘विशेष आवृत्ती’ म्हणून विकतात. जाणकार अशा नाण्याला बिघडवलेलेच समजतात. टांकसाळीत बहुधा कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनची मऊ गादी उचलते आणि नाण्यावर टेकवते. म्हणून दहापट भिंगाखाली रंगाची कड चित्राच्या, उदाहरणार्थ ड्रॅगनच्या खवल्यांच्या, उठावाबरोबर नेमकी जाते का, ते पाहावे. तरीही केवळ भिंगावर विसंबू नये, कारण हेच तंत्र बाहेरही उपलब्ध आहे. त्या वर्षी, त्या वजनात टांकसाळीने रंगीत नाणे काढले होते का, हे तिच्याच नोंदीतून पडताळावे आणि प्रमाणपत्र व मूळ डबी यांच्याशिवाय रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

नाणे कॅप्सूलमधून, म्हणजे त्याच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणातून, काढू नये आणि उन्हात ठेवू नये. साध्या नाण्यावरचा चिकटा काढायला संग्राहक ॲसिटोन वापरतात, पण रंगीत नाण्यावर त्याने शाईच विरघळू शकते. विकायला नेल्यावरही सराफाने ते कसोटीवर घासू नये, हे डबी उघडण्याआधीच सांगावे.