मागचा ब्रेक लागेना? आधी नट आवळू नका

मोटरसायकलवरून महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. मागे सामान बांधलेलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि उजवा पाय सतत ब्रेकवर. निम्मा घाट उतरलो असेन, तेवढ्यात पेडल एकदम मऊ होऊन थेट खाली गेलं. पुढचा ब्रेक आणि खालचे गिअर यांच्या जोरावर कशीबशी गाडी कडेला घेतली. डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतणार, तर टपरीवाल्या काकांनी हात धरला. "ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते."

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं. खरी चूक इथेच होते. ब्रेक परत आला की आपण विसरून जातो.

डिस्क ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. मग पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला की ऑइलऐवजी तेच दबतात. म्हणून ब्रेक ऑइलच्या डबीत नुसती भर घालू नका. जुनं सगळं काढून नवं भरा, हवा काढून घ्या आणि दर दोन वर्षांनी हे करा. डबीतली पातळी उतरली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. वरून भर घातली की तेवढी खूण झाकली जाते. झाकणावर लिहिलंय तेच ऑइल घ्या. डॉट ४ च्या जागी डॉट ५ मुळीच नको, ते सिलिकॉनचं असतं.

ड्रम ब्रेक असेल तर सगळे पहिल्यांदा मागचा नट आवळतात. पेडल पूर्ण दाबून ड्रमच्या प्लेटवरचा बाण बघा. तो खुणेपर्यंत पोचला असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) संपलंय, नट कितीही फिरवा. लायनर ठीक असेल तर पेडलला साधारण २० ते ३० मिमी ढिलाई ठेवा आणि गाडी मेन स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा. घासत असेल तर जास्त आवळलंय. ड्रम तापेल, लायनर गुळगुळीत होईल.

ड्रम ब्रेकचं पेडल पावसाळ्यानंतर सावकाश वर येत असेल तर कॅम (लायनर ड्रमवर दाबणारा फिरता भाग) कोरडा पडलाय. तिथे ग्रीस लावा, पण बोटाच्या टोकाएवढंच. लायनरला लागलं तर लायनर बदलावं लागतं. पेट्रोलने धुऊन भागत नाही. चेनला स्प्रे मारताना डिस्क फडक्याने झाका.

चालत्या गाडीत ब्रेक गेलाच, तर क्लच दाबून धरू नका आणि इंजिन बंद करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, एकेक गिअर खाली या, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. डिस्क असेल तर मागचं पेडल चार-पाच वेळा पटापट मारा, कधीकधी तेवढ्याने थोडा दाब परत येतो.