सोन्याच्या आणि खड्यांच्या इवल्या वस्तू: या चुका टाळा

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या फॅबर्जे या नामांकित जवाहिऱ्याच्या कारागिरांनी घडवलेलं एखादं फूल नीट बघा. देठ सोन्याचा, पानं नेफ्राइट या हिरव्या दगडाची आणि खाली स्फटिकाची फुलदाणी, अर्धी पाण्याने भरलेली. त्यात पाण्याचा थेंबही नसतो. पाण्याची पातळी दिसावी असा तो स्फटिकच कोरलेला असतो! मला हे काम बघताना दर वेळी भरून येतं. म्हणूनच कुणी असं फूल देठाला धरून उचललं की जीव वरखाली होतो. देठ वाकतो, पानाचा टवका उडतो. खाली मऊ कापड अंथरा आणि दोन्ही हातांनी बुडाशी धरा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पुसण्याने होतं. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोह्जच्या मापावर ते 7. स्फटिक आणि अकीक जवळपास तेवढेच कठीण, पण लाजवर्द हा निळा दगड 5 ते 5.5 आणि मॅलाकाइट हा हिरवा दगड जेमतेम 3.5 ते 4. कोरड्या फडक्याने घासलं की धूळच पॉलिश पेपरचं काम करते आणि मॅलाकाइटची झिलई उतरते. आधी मऊ ब्रशने धूळ झटका. लिंबू, व्हिनेगर अजिबात नको: मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट, आम्ल त्याला खातं. लाजवर्दातल्या कॅल्साइटचंही तेच. अल्ट्रासॉनिक मशीनही नको, कारण वेगवेगळे दगड जोडलेल्या आकृत्यांचे सांधे त्याने सुटू शकतात. सांधा सुटलाच तर झटपट चिकटवणारा डिंक लावू नका. तुकडा डबीत जपून ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा.

सोन्याचा कस सांगणाऱ्या छापाबद्दलही घोटाळा होतो. सोन्यावर 56 दिसलं की लोक हिणकस समजतात. जुन्या रशियन मापात शुद्ध सोनं 96, त्यामुळे 56 म्हणजे 14 कॅरेट आणि 72 म्हणजे 18. अखंड दगडातून कोरलेल्या प्राण्याच्या मूर्तीवर धातूच नसतो, तर छाप मारणार कुठे? तो नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, आणि आहे म्हणून खरीही नाही, कारण नकली छाप भरपूर मारले गेलेत. रशियन सरकारी छापात बाईचा चेहरा असे, तो आधी डावीकडे बघायचा आणि 1908 पासून उजवीकडे बघू लागला. मिखाईल पेर्खिन हा फॅबर्जेचा मुख्य कारागीर 1903 मध्येच वारला. त्याची आद्याक्षरं आणि उजवीकडे बघणारा चेहरा एकाच वस्तूवर शेजारी दिसले, तर पैसे काढण्याआधी थांबा.