जुन्या मारुती आठशेत दुसरं इंजिन टाकताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर सकाळी दहाला उभं राहा, हे बोलणं कानावर पडतंच. "मिस्त्री, गाडी ऑईल खायला लागली. दुसरं इंजिनच टाकूया, किती होतील?" मिस्त्री बोनेट न उघडताच म्हणतात, "टाकूया की. इंजिन आणा फक्त."

त्या 'फक्त'मध्ये मी चार महिने अडकलो. माझी कार्बोरेटरची, म्हणजे जुन्या पद्धतीनं पेट्रोल-हवा मिसळणारी, मारुती ८००. एका भंगारवाल्याकडं एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारं) इंजिन १५ हजारांना मिळालं आणि लई स्वस्तात पडलं म्हणून खुशीत घरी आलो. गाडी रस्त्यावर आली तेव्हा एकूण खर्च ४१ हजार झाला होता. म्हणून हे लिहितोय.

इंजिन गेलंय, हे ठरवलं कुणी?

निळा धूर दिसला की लोक थेट इंजिन बदलायच्या गोष्टी करतात. धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येतो आणि मग थांबतो, किंवा पन्हाळ्यावरून उतरून खाली आल्यावर अॅक्सिलरेटर दाबला की एक भपका निघतो, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. ते काम इंजिन बदलण्याच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

नक्की काय ते कळायला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेज लावून मोजा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चार्ज असलेली पाहिजे. आठशेच्या धडधाकट इंजिनात काटा १२-१३ किलोच्या घरात जातो आणि सिलिंडरांमधला फरक किलोच्या आत राहतो. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. काटा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच बसले असतील तर आधी हेड गॅसकेटवर संशय घ्या. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

रिंगा-बोअर निघालेच तरी आपण कोल्हापुरात आहोत हे विसरू नका. शेतीची ऑईल इंजिनं बनवणारं हे गाव. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणं, सगळं उद्यमनगरात एकाच गल्लीत होतं. स्वतःचाच ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले की इंजिन नंबर तोच राहतो आणि कागदांची कटकटच उरत नाही. माझं मत विचाराल तर दहातल्या सात गाड्यांना हेच करावं. ब्लॉकला क्रॅक असेल किंवा कनेक्टिंग रॉडनं भिंत फोडली असेल, तरच इंजिन शोधायला निघा.

"तेच की, ७९६ सीसी!"

सीसी जुळली म्हणजे इंजिन जुळलं, असं नसतं. ओम्नीचं इंजिनही ७९६ सीसी आणि तीन सिलिंडरचं, आणि आपल्या भागात ओम्न्या पुष्कळ, त्यामुळं ते स्वस्तात सुटतं. पण ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं, तर आठशेत ते बोनेटखाली आडवं बसून पुढची चाकं ओढतं. खालचा ऑईलचा चेंबर वेगळा, माऊंटिंग वेगळी, गिअरबॉक्स तर वेगळाच. आतला काही माल उपयोगी पडेल, पण उचलून बसवलं असं होत नाही.

दुसरं टोक म्हणजे आठशेत एस्टीमचं इंजिन. १२९८ सीसी, चार सिलिंडर, एमपीएफआयमध्ये ८५ अश्वशक्तीच्या आसपास, आणि गाडीचं मूळ इंजिन पस्तीस-चाळीसचं. ऐकायला नाद खुळा! पण तीन सिलिंडरच्या जागेत चार बसवायचे म्हणजे रेडिएटर हलवा, माऊंटिंग वेल्ड करा, एक्सल जुळवा. आणि १४५/७० आर १२ टायरवर, आठशेच्या ब्रेकवर ती ताकद थांबवणार कशी? रेसिंगवाली पोरं हे करतात, पण ट्रॅकसाठी, आणि त्यांचं बजेट तुमच्यासारखं नसतं. झेनवाल्यांचं थोडं बरं. झेनचं ९९३ सीसी आणि एस्टीमचं १२९८ एकाच घराण्यातली इंजिनं असल्यानं तिथं ओढाताण कमी होते. कायद्याची अडचण मात्र तीच, ती पुढं येईलच.

बजेट कमी असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या. कार्बोरेटरला कार्बोरेटरचं, एमपीएफआयला एमपीएफआयचं.

नुसता ब्लॉक-हेड उचलणं

माझी चूक हीच. इंजिन घरी आणलं आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावरचा मेकॅनिकल पंप हलक्या दाबानं पेट्रोल ओढतो. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो आणि तो अडीच-तीन बारचा दाब देतो. म्हणजे टाकी बदला, पाइप बदला, क्लॅम्प बदला. मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. मग वायरिंग. भंगारवाल्यानं हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कटरनं तोडून काढलेला होता. वायरिंगवाल्यानं एकेक तार ओळखत जोडण्यात नऊ दिवस घालवले, आणि त्यानंतरही गाडी गरम झाली की मिसिंग मारायची. सेन्सरच्या एका जोडाला सोल्डर न करता नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली होती, हे दीड महिन्यानं सापडलं.

नंतरच्या सालच्या गाड्यांना इमोबिलायझर असतो. तिथं ईसीएम आणि किल्ली एकमेकांना ओळखतात. त्या ईसीएमच्या ओळखीची किल्ली नसेल तर स्टार्टर फिरेल, इंजिन पेटणार नाही.

म्हणून शक्यतो नुसतं इंजिन विकत घेऊ नका, अपघातात मागून ठोकलेली आख्खी गाडी बघा. इंजिन चालवून ऐकता येतं. गिअरबॉक्स, एक्सल, हार्नेस, ईसीएम, किल्ली, रेडिएटर, ब्रॅकेट सगळं एकाच घरचं मिळतं आणि उरलेला पत्रा विकता येतो. माझं काम अशा गाडीतून कमी पैशात झालं असतं, हे मी नंतर कागदावर मांडून बघितलं. बघायला नको होतं.

पुरात बसलेलं इंजिन

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरात पंचगंगेचं पाणी किती गाड्यांच्या डोक्यावरून गेलं ते आपण पाहिलंय. त्यांतली इंजिनं आता धुऊन-पुसून विकायला येऊ शकतात. ब्लॉक बाहेरून चकचकीत असेल, पण कनेक्टर उघडा आणि पिनांवर हिरवट थर आहे का ते बघा. अल्टरनेटरच्या जाळीत, टायमिंग कव्हरच्या आत वाळलेला गाळ शोधा. चेंबरचा नट सैल करून पहिलं काय बाहेर येतं ते बघा. दुधाळ ऑईल आलं तर हात धुवा आणि घरी जा. "फ्लशिंग केलंय" हे उत्तर चालत नाही.

पासिंगचं नंतर बघू

आरसी बुकावर चेसिस नंबरबरोबर इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की मूळ उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच मॉडेलचं इंजिन टाकायचं तर आधी आरटीओत विचारा, परवानगी घ्या, मग इंजिन उतरवा. पक्कं बिल घ्या आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद मागा. कागद नाहीत म्हणजे इंजिन चोरीचंही असू शकतं. एमएच-०९ ची पंधरा वर्षं उलटलेली गाडी पुन्हा पासिंगला जाणारच, आणि तिथं नंबर जुळला नाही की तुमची सगळी मेहनत अंगणात उभी राहते. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर होतील.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

इंजिन खाली आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची सीलं आणि क्लच प्लेट बदलून घ्या. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (आपल्याच उसाचं असेल कदाचित), आणि जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं.

स्टार्टर मंद फिरतो, दिवे फिके होतात, आणि गंमत म्हणजे क्लचची केबल हाताला गरम लागते. माझ्या गाडीत हे झालं. मिस्त्रींनी बॅटरी बदलली, स्टार्टर उघडला. शेवटी कळलं, इंजिनावरून बॉडीला येणारी अर्थची पट्टी लावायचीच राहिली होती आणि स्टार्टरचा करंट केबलमधून वाट काढत होता. वेण्यांसारखी विणलेली, वीतभर लांब पट्टी. किंमत चहा-वड्याएवढी.

गावात ठीक चालते आणि गगनबावड्याच्या घाटात तापमानाचा काटा चढतो, तर आधी कूलंटमधली हवा काढा, मग फॅन वेळेवर लागतो का ते बघा, मग रेडिएटर. थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

आणि जुना ब्लॉक लगेच भंगारात घालू नका. आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत जुन्या नंबरचा पुरावा तोच. माझा अजून परड्यात आहे, आई त्यावर शेणकूट वाळवायला ठेवते.