बाखच्या पार्टिटात श्वास कुठे घ्यायचा

जर्मन संगीतकार बाखचा ए मायनर पार्टिटा म्हणजे नाचांच्या चालींवरच्या तुकड्यांची एक माळ; बाखच्या रचनांच्या यादीत तिचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही १०१३. तिचा पहिला भाग आलमांद, हा एक जुना नाच. एकटाच फ्लूट, साथीला कुणी नाही, आणि एका मात्रेला चार असे स्वर जे धावत सुटतात ते जवळजवळ शेवटपर्यंत थांबतच नाहीत. श्वासाच्या खुणा बाखने दिलेल्या नाहीत, त्यामुळे दम कुठे घ्यायचा हे आपणच ठरवायचं. माझ्या मते ते एकदा ठरलं की निम्मं वाजवणं ठरलं.

मी वर्षभर बारच्या, म्हणजे ठरावीक मात्रांच्या गटाच्या, रेघेवर दम घेत होते. काहीतरी तुटतंय हे कानाला जाणवायचं, पण काय ते कळायचं नाही. रेघेआधीचे स्वर पुढच्या बारच्या पहिल्या स्वराकडे निघालेले असतात. तिथेच तोडणं म्हणजे ‘घरा’ म्हणून दम घ्यायचा आणि मग ‘त’ म्हणायचं. अठराव्या शतकातला जर्मन फ्लूटवादक योहान योआखिम क्वांट्झ याचा फ्लूटवरचा ग्रंथ १७५२ साली बर्लिनमध्ये छापला गेला. त्यात तो सांगतो, सारख्या धावत्या स्वरांत ठोक्यावरचा पहिला स्वर वाजवून मग दम घ्या. तो स्वर किंचित आखूड होतो, पण वाक्य पुरं होतं.

आता पेन्सिल घ्या. या एका फ्लूटला वरची चालही गायचीय आणि खालचा बेसही, म्हणजे आधाराची खालची चाल, सांभाळायचाय, म्हणून खालच्या स्वरांना गोल करा. नुसते तेवढेच सावकाश वाजवा, मग गुणगुणा. ही खालची चाल जिथे मुक्कामाला पोचते, तिथल्या पहिल्या स्वरानंतर दमाची खूण म्हणून स्वल्पविराम टाका. शिवाय एक-दोन जादा स्वल्पविराम कंसात ठेवा. लोकांसमोर छाती धडधडली की ते लागतात.

मग जीभ, म्हणजे फुंकताना स्वर सुरू करायला ती कशी हलवायची ते. फ्लूट खाली ठेवा आणि नुसतं बोला. मध्यम लयीच्या स्वरांना क्वांट्झ ‘तिरि’ हे बोल देतो, जोर ‘रि’वर. चारांतला पहिला आणि तिसरा ‘रि’, दुसरा आणि चौथा ‘ति’. सुरुवात मात्र ‘रि’ने होत नाही, ‘ति’नेच करावी लागते. आणि आलमांद सुरू होतो पाव मात्रेच्या विश्रांतीने! म्हणजे पहिला वाजणारा स्वर चारांतला दुसरा, आपसूकच ‘ति’. हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपला मराठी ‘र’ जिभेच्या टोकाने एकदाच हलका टेकतो, या कामाला तो अगदी योग्य. घोळवू मात्र नका.

क्वांट्झच्या आधीच्या पिढीच्या लाकडी फ्लूटला एकच चावी असायची, आणि बोटं उलटसुलट झाकून काढलेले स्वर दबके यायचे. चांदीच्या फ्लूटवर सगळेच ठसठशीत येतात, तेव्हा हलकं-भारी आपण करायचं.

शेवटची ओळ चढत चढत तिसऱ्या सप्तकातल्या ए वर पोचते. तिच्यासाठीचा दम बराच आधी घेऊन ठेवा. ऐनवेळी घेतला की ओठ आवळतात आणि तो ए किंचाळतो. पोटातून हवा द्या, ओठ सैल ठेवा, आणि लय न सोडता त्या स्वरावर जा.