मॉडेल रेल्वेसाठी घरचे डेकल: पांढरी अक्षरं, बारीक मात्रा आणि पुण्याचा पावसाळा

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत मॉडेलवर बसवायची छापील पातळ फिल्म. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तो कागदाचा पांढरेपणा वापरतो. डब्यांवरच्या अक्षरांचं काम हाती घेताना हे आधी ध्यानात घ्यायचं, कारण कागद कोणता आणायचा आणि छापायचं कुठे हे त्यावरच ठरतं. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं सोपी. गडद निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीच्या) डब्यावरचा पांढरा क्रमांक अवघड. आणि पिवळा क्रमांकही तितकाच अवघड, कारण प्रिंटरची शाई पारदर्शक असते. पारदर्शक फिल्मवर छापलेलं पिवळं अक्षर निळ्या डब्यावर ठेवलं की मळकट हिरवं दिसतं.

छापण्याआधी साल नक्की करा. पुण्याच्या मॉडेलवाल्यांची डेक्कन क्वीन हमखास इथे चुकते. पाटीवर १२१२३ लिहायचं असेल तर गाडी डिसेंबर २०१० नंतरची हवी. त्याआधी क्रमांक चार अंकी होता, २१२३. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ २०१७ पासूनचं, १९९६ ते २०१७ ‘महाराज’ नाही, त्याआधी व्हीटी. जून २०२२ पासून या गाडीला एलएचबी (जर्मन आराखड्याचे नवे) डबे आहेत, त्यामुळे आयसीएफ डबे दाखवायचे तर त्याआधीचा काळ धरा. डब्याचा क्रमांकही मनाने टाकू नये. आयसीएफ डब्यांच्या पाच अंकी क्रमांकात पहिले दोन अंक बांधणीचं साल सांगतात आणि पुढचे तीन प्रकार: ०५१ ते १०० टू टियर एसी, २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल. म्हणजे ९४२१५ हा १९९४ चा स्लीपर. त्यावर जनरलच्या खिडक्या असल्या तर जाणकार तिथेच हसतो. मालगाडीच्या वाघिणीवर अकरा अंक असतात: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन सालाचे, चार त्या वाघिणीचे आणि शेवटचा तपासणीचा.

आता माप. एचओ हे मॉडेल रेल्वेचं प्रमाण म्हणजे १:८७. खऱ्या डब्यावर १५० मिमी उंचीचं अक्षर मॉडेलवर १.७ मिमी होतं. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४२ मिमीचा, म्हणजे त्या अक्षराला उभे चाळीसच ठिपके मिळतात. रोमन अक्षराला तेवढे पुरतात. देवनागरीत त्याच उंचीत शिरोरेषा, वर मात्रा, खाली उकार बसवायचे असतात, आणि ‘पुणे’मध्ये तर दोन्ही आहेत. म्हणून फॉन्ट निवडताना सुबकपणापेक्षा आतली मोकळी जागा बघा. मुक्त किंवा नोटो सान्स या फॉन्टचं मध्यम वजन (अक्षराची जाडी) चालतं. ठळक वजन घेतलं की ‘म’ आणि ‘भ’ यांची पोटं भरून येतात. अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा थोडं जास्त अंतर सोडा, अनुस्वाराचा ठिपका हाताने मोठा करा. कोणतीही रेघ ०.१५ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. खऱ्या डब्यावर ५० मिमीची असलेली माहिती एचओमध्ये अर्ध्या मिमीच्या आसपास येते. ती वाचता येणार नाही हे मान्य करून नुसत्या ओळींसारखी दिसू द्यावी.

आर्टवर्क इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मॉडेलच्या मापात करा. फोटोवरून अक्षरं गिरवायची असतील तर फोटो डब्याला काटकोनात उभं राहून काढलेला हवा. मापासाठी माहीत असलेली एक लांबी धरा. आयसीएफ डब्याचा सांगाडा २१,३३७ मिमी लांब असतो, एचओमध्ये २४५ मिमी. फाइल दुकानात देण्याआधी सगळी अक्षरं पाथमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषांच्या आकारांत) बदला आणि पीडीएफ करा. हे टाळलं तर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी फुटते, ‘डेक्कन’चा ‘डेक् कन’ होतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. प्रिंट १०० टक्के मापात, ‘फिट टू पेज’ बंद. पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ ठेवा आणि साध्या कागदावरच्या प्रिंटवर ती पट्टीने मोजा. ९७ भरली तर डेकलचा कागद अजून बाहेर काढू नका.

इंकजेटचा डेकल कागद लेझर मशीनमध्ये कधीही घालू नये. फ्यूजरच्या (टोनर भाजणाऱ्या भागाच्या) उष्णतेने फिल्म वितळून रोलरला चिकटते आणि दुकानदाराशी भांडण ठरलेलं. लेझरचा कागद दुकानात नेताना पाकीटही दाखवा, बायपास ट्रेमधून, जाड कागदाच्या सेटिंगवर काढायला सांगा. सेटिंग साधं राहिलं तर टोनर नीट भाजत नाही आणि नखाने खरवडला जातो. उष्णता फारच झाली तर फिल्मला फोड येतात. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लेझर प्रिंट काढणाऱ्यांची वाण नाही, पण स्वतः आणलेला कागद घालायला सगळेच तयार होत नाहीत. सकाळी गर्दी नसताना विचारावं.

घरच्या इंकजेटवर छापलं तर शाई पाण्यात विरघळते, म्हणून वर क्लिअर ॲक्रेलिक लॅकरचा थर लागतोच. प्रिंट निदान तीन-चार तास वाळू द्या. मग फूटभर अंतरावरून अगदी हलका, धुक्यासारखा पहिला फवारा. पहिलाच हात ओला मारला तर अक्षरांच्या कडा पसरतात. अर्ध्या तासाच्या अंतराने असे तीन हात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर दुधाळ होतं, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. पाऊस उघडलेल्या दुपारची वाट बघा.

आता पांढऱ्याचं. सोपा मार्ग म्हणजे पांढरा डेकल कागद घेऊन अक्षराभोवती डब्याचाच निळा छापायचा. रंग जुळवताना पडद्यावर विश्वास ठेवू नका. निळ्याच्या आठ-दहा छटांचे चौकोन छापून रंगवलेल्या डब्याला लावून, दिवसाउजेडी आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा. कापल्यावर दिसणारी पांढरी कड त्याच रंगाने बारीक ब्रश फिरवून झाकायची. एवढं करून छटा नाही जुळली तर डेकल क्रमांकापुरता न ठेवता संपूर्ण पट्ट्याएवढा करा. पट्ट्याच्या हद्दीवर फरक डोळ्यांत भरत नाही.

पांढरा टोनर असलेली लेझर मशीन काही टी-शर्ट छपाईवाल्यांकडे असते, मिळाली तर उत्तमच. वीसेक डब्यांचं काम एकदम असेल तर पेठांतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटरकडे जा. पांढरी शाई पारदर्शक डेकल कागदावर झाकदार बसते. शाईचा द्रावक फिल्म खातो की नाही हे आधी तुकड्यावर बघा आणि बारीक अक्षरांसाठी बारीक जाळी मागा. एका डब्यासाठी मात्र स्क्रीनचा खर्च परवडत नाही.

रेडियमवाल्याकडून अक्षरं कापून थेट चिकटवण्याचा मोह टाळा. व्हायनिल ८० मायक्रॉनचं धरलं तरी एचओच्या हिशेबात ती सात मिमी जाडीची पाटी झाली, शिवाय पाच मिमीखालची अक्षरं प्लॉटरवर धड सुटत नाहीत. त्याचा उपयोग मास्क म्हणून करा: आधी पांढरा रंग, त्यावर कापलेला पट्टा किंवा मोठं चिन्ह, वरून डब्याचा रंग, मग व्हायनिल उचला.

डेकल लावायचा पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंग सूक्ष्मपणे खडबडीत असतो, त्या खड्ड्यांत हवा अडकते आणि फिल्मखाली चंदेरी डाग दिसतो. म्हणून आधी ग्लॉस क्लिअर मारा आणि चोवीस तास थांबा, पावसाळ्यात दोन दिवस. थ्री-डी प्रिंट केलेल्या बॉडीवर थरांच्या रेघा आधी घासून काढा, ग्लॉस त्या भरून काढत नाही.

पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके गडद रंगावर राहतात. नव्या ब्लेडने डेकल अक्षरांना लागून कापा, पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवा आणि चिमट्याने काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत ठेवलं तर डिंकच धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेट (डेकल चिकटायला मदत करणारं द्रावण) लावा. ते नसेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. कागदावरून फिल्म सरकवा, ओल्या ब्रशने ओळीत आणा. खिडक्यांखाली मास्किंग टेपची सरळ कड लावून ठेवली तर क्रमांक तिरका जात नाही. टिश्यूने मधून कडेकडे पाणी टिपा. मग मायक्रो सोलचा (फिल्म मऊ करणाऱ्या द्रावणाचा) हात. आता डेकल सुरकुततो, आणि इथेच लोक घाबरून बोट लावतात. फिल्म त्या वेळी सायीइतकी मऊ असते, बोट लागलं की फाटली. हात मागे घ्या, ती आपोआप खाली बसते. दाराच्या फटीवर आलेला डेकल वाळल्यावर ब्लेडने फटीतून चिरा आणि पुन्हा सोल लावा.

रात्रभर वाळल्यावर तिरक्या उजेडात बघा. चंदेरी डाग दिसला तर तिथे बारीक सुईने टोचून सोलचा थेंब सोडा. दोन-तीनदा करावं लागतं. सुकलेला डिंक ओल्या कापसाने पुसा, नाहीतर वार्निशखाली तो पिवळट दिसतो. शेवटी मॅट किंवा सॅटिन क्लिअरचे दोन हलके हात. रोजच्या धुळीत धावणारा डबा हवा असेल तर मळकटपणा यानंतर करा, आधी नाही.

उरलेला डेकल कागद सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिपच्या पिशवीत, सपाट ठेवा. उघडा राहिला तर डिंक ओल धरतो, कागद वळतो, आणि पुढच्या वेळी तो मशीनमध्ये अडकतो.